बेळगावचा भाविक मुलगा

एकोणिसाव्या शतकातील मुलांच्या धार्मिक पुस्तकांत भाविक बालकाची गोष्ट हमखास असे. बहुधा ते मूल आजारी पडे, भोवतालच्या मोठ्यांना विश्वासाची साक्ष देई आणि लहानपणीच प्रभूकडे जाई. शेरवूडबाईंच्या १८१४ सालच्या पुस्तकातील लहान हेन्री हा त्यांतलाच. आपल्या मराठी मंडळीजवळ मात्र एका निराळ्या भाविक मुलाचे चरित्र आहे. हा मुलगा जगला, मोठा झाला आणि त्याला आपल्या विश्वासाची किंमत द्यावी लागली.

बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली बेळगावी एका कासार कुटुंबात झाला. घर धर्मनिष्ठ होते. देवपूजा, उपासतापास, पोथ्यांचे वाचन यांत या मुलाचे मन खरोखर रमे. पुढे बेळगावच्या मिशन शाळेत त्यांची पवित्र शास्त्राशी ओळख झाली. पण ओळख झाली म्हणून लगेच विश्वास बसला नाही. मुंबईस फ्री चर्चच्या विद्यालयात ते शिकले. जातिभेद न मानणाऱ्या परमहंस सभेतही ते गेले. परंतु तेथे मनाची तहान भागली नाही. शेवटी १८५४ मध्ये त्यांनी बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. जन्मगावी, ओळखीच्या लोकांदेखत हे पाऊल टाकणे सोपे नव्हते. त्या काळी बाप्तिस्मा म्हणजे बहुधा घर, जात आणि नातीगोती यांना अंतरणे.

तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, विधवांचे दुःख मांडणारे त्यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. मराठीतील आरंभीच्या कादंबऱ्यांत त्याची गणना होते. पाळक, संपादक आणि शंभरावर लहानमोठ्या पुस्तकांचे कर्ते म्हणून त्यांनी १९०६ मधील मृत्यूपर्यंत सेवा केली. आत्मचरित्राला त्यांनी ‘अरुणोदय’ हे नाव दिले. ते किती यथार्थ आहे! पहाट एका क्षणात होत नाही. अंधार हळूहळू ओसरतो.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनो, पाठ केलेले वचन घडाघडा म्हणणाऱ्या मुलाचे आपण कौतुक करतो, आणि ते योग्यच आहे. पण मागच्या रांगेत बसून शंका विचारणारे मूलही आपल्या वर्गात असते. त्याला गप्प बसवू नका. बेळगाव असो की बुऱ्हाणपूरचे लालबाग, त्या मुलाच्या मनातही कदाचित पहाट होत असेल. आपण धीर धरावा, प्रार्थना करावी आणि त्याच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर द्यावे.