कोडमधल्या ‘क्लास’ आणि ‘ऑब्जेक्ट’चं बारसं करणारा क्रिस्टन नीगोर

जावा शिकायला बसलेल्या कुणालाही पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी पाठ कराव्या लागतात. आधी ‘क्लास’ लिहायचा. मग ‘न्यू’ लिहून त्या क्लासचा ऑब्जेक्ट बनवायचा. आणि ऑब्जेक्टच्या नावापुढे टिंब देऊन त्याच्याकडून काम करून घ्यायचं. असंच का, असं विचारलं तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं, सिंटॅक्सच तसा आहे.

पण सिंटॅक्स काही आभाळातून पडत नाही. हा सगळा संच एकत्र आला तो नॉर्वेची राजधानी ऑस्लोमध्ये, १९६० च्या दशकात. त्यामागे दोन माणसं होती, उले-योहान दाल आणि क्रिस्टन नीगोर. दाल हा प्रोग्रामिंगमधला पक्का कारागीर. नीगोरचं प्रकरण जरा वेगळं आहे. त्याने आधी जगातल्या गोष्टींना कोडमध्ये नावं दिली आणि मग उरलेलं आयुष्य ही नावं कोण ठरवतं यावर भांडण्यात घालवलं.

नीगोरचा जन्म २७ ऑगस्ट १९२६ चा, ऑस्लोचा. गणिताचा विद्यार्थी. १९४८ मध्ये तो नॉर्वेच्या संरक्षण संशोधन संस्थेत दाखल झाला. देशातली पहिली अणुभट्टी उभी राहत होती आणि तिची गणितं करायची होती. नेहमीच्या समीकरणांनी ती लवकर सुटेनात, तेव्हा त्याने ‘मॉन्टे कार्लो’ पद्धत वापरायला घेतली. म्हणजे काय, तर खरी घटना कशी घडेल याची नक्कल करायची, पुन्हा पुन्हा करायची आणि त्यातून उत्तराचा अंदाज बांधायचा.

नक्कल करण्याचा हा नाद त्याला पुढे आयुष्यभर पुरला. १९५० च्या दशकात त्याच संस्थेत तो ऑपरेशनल रिसर्चकडे वळला. कुठे रांग लागते, कुठे माल अडकतो, कुठे माणूस रिकामा बसतो, अशा प्रश्नांचा हा विषय. इथे त्याला एक अडचण सतत जाणवायची. गुंतागुंतीच्या व्यवस्थेचं नीट वर्णन करायला भाषाच नव्हती. गणिताची चिन्हं वापरली तर ती कामावरच्या माणसाला कळेनात. साधी वाक्यं वापरली तर ती मशीनला कळेनात.

१९६० मध्ये तो नॉर्वेजियन कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये आला आणि वर्षभरात नव्या भाषेच्या कल्पनेला लागला. दालला त्याने सोबत ओढलं. भाषेचं नाव ठरलं सिम्युला.

आता नावांची गंमत बघा. पहिल्या आराखड्यात ‘स्टेशन’ आणि ‘कस्टमर’ असे दोनच प्रकार होते. स्टेशन काम करणार, कस्टमर रांगेत गपगुमान उभा राहणार. पण बंदरात जहाज येतं तेव्हा जहाज कस्टमर की स्टेशन? ते माल उतरवून घेतं म्हणून कस्टमर, आणि क्रेनला कामाला लावतं म्हणून स्टेशनही. अशा ठिकाणी नावं अपुरी पडायची. १९६४ च्या सुमारास दोघांनी हा भेदच मोडून टाकला आणि सगळ्यांना ‘प्रोसेस’ म्हणायला सुरुवात केली. त्या वर्षाच्या अखेरीस युनिव्हॅक ११०७ या मशीनवर सिम्युला चालू लागली.

थांबले असते तरी चाललं असतं. पण काम करताना दिसलं की बस, ट्रक आणि कार वेगवेगळे असले तरी त्यांच्यात बरंच काही सारखं आहे. प्रत्येकासाठी तेच ते पुन्हा का लिहायचं? त्याच काळात टोनी होअर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने ‘रेकॉर्ड क्लास’ची कल्पना मांडली होती. दोघांनी तिला आपल्या प्रोसेसची जोड दिली आणि १९६७ मध्ये सिम्युला ६७ मांडली. यात पहिल्यांदा ‘क्लास’, ‘ऑब्जेक्ट’ आणि ‘सबक्लास’ आजच्या अर्थाने एकत्र दिसतात. ‘ऑब्जेक्ट ओरिएंटेड’ हा शब्द रुळायला अजून अवकाश होता.

नवशिक्यांनी इथे क्षणभर थांबावं, कारण गोंधळ नेमका इथेच होतो. ‘बस’ हा क्लास म्हणजे फक्त वर्णन. बसला वेग असतो, प्रवासी असतात, ती थांबू शकते, एवढंच त्यात लिहिलेलं. तुम्ही ‘न्यू बस’ लिहिता तेव्हा मेमरीत एक खरी बस उभी राहते. तिला ‘पहिलीबस’ असं नाव दिलं, तर ‘पहिलीबस टिंब वेग’ म्हणजे त्या एका बसचा वेग. दुसरी बस बनवली तर तिचा वेग वेगळा. सिम्युलात हे सगळं होतं. ‘धिस’ हा शब्दसुद्धा तिथलाच. ‘बस हा वाहनाचाच एक प्रकार’ हे सांगायला सिम्युलात आधी ‘वाहन’, मग ‘क्लास’, मग ‘बस’ असं लिहायचे. जणू आडनाव आधी आणि नाव नंतर. जावात त्यासाठी ‘एक्स्टेंड्स’ लिहितात, पायथॉनमध्ये वाहनाचं नाव कंसात टाकतात. मांडणी बदलली, अर्थ तोच.

आणि ते कॅपिटल-स्मॉलचं झंझट? ते मात्र नीगोरच्या माथी मारू नका. सिम्युलाला मोठं अक्षर आणि लहान अक्षर यात फरकच कळत नाही. क्लासचं नाव कॅपिटलने सुरू करायचं आणि ऑब्जेक्टचं लहान अक्षराने, ही शिस्त पुढे अमेरिकेत स्मॉलटॉक भाषेत रुळली. सिम्युला पाहून प्रभावित झालेल्या ॲलन केने ती भाषा १९७० च्या दशकात घडवायला घेतली. जावाने तेच वळण गिरवलं. क्लासला नामाचं नाव द्यायचं, मेथडला क्रियापदाचं. शब्द जोडताना मधला शब्द कॅपिटलने सुरू करायचा, म्हणजे नाव उंटाच्या वशिंडासारखं मध्येच वर येतं, म्हणून त्याला ‘कॅमल केस’ म्हणतात. न बदलणारी किंमत पूर्ण कॅपिटलमध्ये. पायथॉनवाले मात्र फंक्शनच्या नावात उंट आणत नाहीत, शब्दांमध्ये अंडरस्कोअर टाकतात. हे नियम मोडले तरी प्रोग्राम चालतो. पण सहा महिन्यांनी तोच कोड वाचणाऱ्याचे हाल होतात, आणि तो वाचणारा बऱ्याचदा आपणच असतो.

इकडे नीगोरला वेगळीच बोच लागली होती. सिम्युलाने कारखान्याचं वर्णन करता येतं. मग त्या वर्णनात कामगार कोण? कस्टमर, स्टेशन की ऑब्जेक्ट? आणि हे ठरवणार कोण? मॅनेजरने बनवलेल्या मॉडेलमध्ये मॅनेजरला दिसतं तेवढंच येणार. मशीनपाशी उभ्या असलेल्या माणसाला जे ठाऊक आहे त्याला नाव नाही, म्हणजे ते कोडमध्ये नाही, म्हणजे निर्णयातही नाही.

म्हणून १९७१ ते १९७३ या काळात त्याने नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगार संघटनेबरोबर काम केलं. कामगारांनी स्वतः अभ्यास करायचा, आपल्या कामाचं वर्णन आपल्या शब्दांत मांडायचं, आणि कंपनीत येणाऱ्या कॉम्प्युटर प्रणालीबद्दल आपलं म्हणणं तयार करायचं. मला विचाराल तर त्याच्या आयुष्यातली ही सगळ्यात धाडसी गोष्ट. १९७५ मध्ये तिथे कामगार आणि मालक यांच्या शिखर संघटनांमध्ये कॉम्प्युटर प्रणालींविषयी देशपातळीवर करार झाला. १९७७ च्या कामाच्या वातावरणाच्या कायद्यातही कामगारांना या प्रणालींची माहिती मिळण्याचा हक्क आला. आज ॲप बनवण्याआधी वापरणाऱ्यांना सोबत घेऊन जे डिझाइन केलं जातं, त्याची एक मोठी मुळी इथवर जाते.

राजकारणातही तो गप्प बसणारा नव्हता. आधी उदारमतवादी पक्षात, नंतर मजूर पक्षात. १९९० च्या दशकात नॉर्वेने युरोपियन युनियनमध्ये जाऊ नये म्हणून उभ्या राहिलेल्या मोहिमेचा तो नेता होता. २८ नोव्हेंबर १९९४ च्या सार्वमतात ५२.२ टक्के लोकांनी नाही म्हटलं. नॉर्वे आजही बाहेर आहे.

दरम्यान सिम्युलाची पोरं जगभर पसरली होती. केंब्रिजमध्ये सिम्युला वापरलेल्या बियार्न स्ट्रूस्ट्रुपने १९७९ मध्ये सी भाषेत क्लास घुसवायला सुरुवात केली, त्यातून सी प्लस प्लस आली. त्यानंतर १९९५ मध्ये जावा आली. २००१ सालचं ट्युरिंग पारितोषिक दाल आणि नीगोर यांना मिळून देण्यात आलं.

मिरवायला वेळ फारसा मिळाला नाही. २९ जून २००२ ला दाल गेला. त्यानंतर सहा आठवड्यांत, १० ऑगस्टला, हृदयविकाराने नीगोरही गेला. तेव्हा त्याच्या हातात एक नवा प्रकल्प होता, नवशिक्यांना ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रामिंग कसं शिकवावं याचा. चार ओळींच्या खेळण्यातल्या उदाहरणांनी सुरुवात करू नका, असा त्याचा आग्रह असे. त्याचं आवडतं उदाहरण होतं रेस्टॉरंटचं. वेटर, गिऱ्हाईक, आचारी, ऑर्डर, बिल. आधी तिथे कोण कोण आहे आणि कोण काय करतं ते बघायचं. ‘क्लास’ हा शब्द त्यानंतर.