विश्लेषण : पोटातील गाठ ‘दाखवणारे’ इयान डोनाल्ड… एकच सोनोग्राफी दोन डॉक्टरांना वेगळी का दिसते?

अंडाशयात गाठ असल्याचे सोनोग्राफीत दिसले की पुढचा सगळा निर्णय एका प्रश्नावर येऊन थांबतो. गाठ साधी की कर्करोगाची? या प्रश्नाचे उत्तर पोट न उघडता शोधण्याची वाट ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ इयान डोनाल्ड यांनी घालून दिली. मात्र चित्र तेच असूनही पाहणाऱ्यागणिक निदान बदलण्याची अडचणही तिथूनच सुरू झाली.

इयान डोनाल्ड कोण होते?

डोनाल्ड यांचा जन्म 1910 मध्ये इंग्लंडमधील कॉर्नवॉल परगण्यात झाला. वडीलही डॉक्टर होते. कुटुंब दक्षिण आफ्रिकेत गेल्याने केप टाऊनमध्ये पदवी घेऊन ते लंडनला परतले आणि सेंट थॉमस रुग्णालयातून 1937 मध्ये डॉक्टर झाले. दुसऱ्या महायुद्धात ते शाही हवाई दलात वैद्यकीय अधिकारी होते. जळत्या विमानातून सैनिकांना बाहेर काढल्याबद्दल त्यांचा गौरव झाला. रडार आणि सोनार या तंत्रांची ओळख त्यांना याच काळात झाली. 1954 मध्ये ते ग्लासगो विद्यापीठात प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक झाले.

कारखान्यातला प्रयोग काय होता?

बॉयलरच्या पोलादातील तडे शोधण्यासाठी तेव्हा अल्ट्रासाउंड लहरी वापरल्या जात. जुलै 1955 मध्ये डोनाल्ड शस्त्रक्रियेत काढलेल्या गर्भाशयाच्या व अंडाशयाच्या गाठी मोटारीत घालून रेनफ्रू येथील बॅबकॉक अँड विल्कॉक्सच्या कारखान्यात पोहोचले. तुलनेसाठी तिथे मांसाचा एक मोठा तुकडाही ठेवण्यात आला. पाण्याने भरलेल्या गाठीतून लहरी अडथळ्याविना पार जात आणि पलीकडच्या भिंतीवरून स्पष्ट प्रतिध्वनी येई. घट्ट गाठीत लहरी आतच विखुरत, क्षीण होत. दोहोंतला फरक पडद्यावर उघड दिसत होता.

एका रुग्णाने चित्र कसे बदलले?

केल्विन अँड ह्यूजेस कंपनीतील तरुण अभियंता टॉम ब्राऊन आणि सहकारी डॉक्टर जॉन मॅकव्हिकर यांच्यासह डोनाल्ड यांनी रुग्णांवर वापरता येईल असे यंत्र उभे केले. तरीही वैद्यकीय वर्तुळात त्याकडे संशयानेच पाहिले जाई. अशात पोट प्रचंड फुगलेली एक महिला आली. जठराचा कर्करोग शस्त्रक्रियेपलीकडे गेला आहे आणि पोटात पाणी साचले आहे, असे तिचे निदान झाले होते. यंत्राने मात्र अंडाशयाची भलीमोठी पाण्याची गाठ दाखवली. ती काढली आणि महिला वाचली. 7 जून 1958 रोजी ‘लॅन्सेट’मध्ये तिघांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि सोनोग्राफी वैद्यकशास्त्रात स्थिरावू लागली.

पाहणाऱ्यांत मतभेद का होत?

सुरुवातीच्या यंत्रात प्रोब हाताने पोटावर फिरवावा लागे. हात कुठे थांबला, किती कलला, यावर चित्र अवलंबून असे. पडद्यावर ठिपका उमटे किंवा उमटत नसे. मधल्या करड्या छटा नव्हत्या. चित्रात माणसाचा हात आणि अपेक्षा मिसळू नयेत म्हणून ब्राऊन यांनी प्रोब स्वतःच फिरवणारे स्वयंचलित यंत्र बनवले. ते 1960 च्या सुमारास लोकांसमोर आले. पण ते अवजड व महाग होते. प्रत्यक्षात हाताने चालणारी यंत्रेच रुग्णालयांत रुजली.

आज ही अडचण कशी हाताळली जाते?

1970 च्या दशकात करड्या छटांची चित्रे आली, तपशील वाढला. त्याबरोबर गाठीचे वर्णन करणारे शब्दही वाढले. एकाने ‘गुंतागुंतीची’ म्हटलेली गाठ दुसऱ्याला साधी वाटे. साधी गाठ कर्करोगाची ठरवली तर तरुण स्त्रीचा अंडाशय विनाकारण जातो. कर्करोगाची गाठ साधी ठरवली तर उपचाराचा मोलाचा काळ हातचा जातो. म्हणून 1999 मध्ये सुरू झालेल्या ‘आयोटा’ या आंतरराष्ट्रीय अभ्यासगटाने शब्दांच्या व्याख्याच निश्चित केल्या. उदाहरणार्थ, गाठीच्या आतील भिंतीवरून 3 मिलिमीटर किंवा अधिक उंच वाढलेला घट्ट भाग असेल तरच त्याला अंकुर म्हणायचे. रक्तप्रवाहाला 1 ते 4 गुण द्यायचे. 2008 मध्ये साधेपणाची पाच आणि कर्करोगाची पाच लक्षणे सांगणारे सोपे नियम आले. ‘ओ-रॅड्स’ या पद्धतीत गाठींची धोक्यानुसार श्रेणी ठरते.

दोन तज्ज्ञांचे मत किती जुळते, हे ‘कप्पा’ या अंकाने मोजतात. केवळ योगायोगाने जुळावे तितकेच जुळले तर शून्य, पूर्ण जुळले तर एक. पाण्याची साधी गाठ ओळखताना फारसे दुमत नसते. आतला भाग गोठलेले रक्त आहे की घट्ट वाढ, भिंत खडबडीत आहे की गुळगुळीत, इथे मते फाटतात.

डोनाल्ड यांचा शेवट कसा झाला?

हृदयविकार त्यांना अनेक वर्षे होता. मोठ्या शस्त्रक्रियाही झाल्या. तरी ग्लासगोत 1964 मध्ये सुरू झालेल्या क्वीन मदर्स प्रसूतिरुग्णालयाच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. 1976 मध्ये ते निवृत्त झाले आणि जून 1987 मध्ये एसेक्स परगण्यात त्यांचे निधन झाले. त्यांच्या यंत्राने गाठ दाखवली. ती सर्वांनी सारखीच वाचावी, यासाठीचे काम मात्र त्यांच्या पश्चात आकाराला आले आणि अजूनही सुरू आहे.