चारित्रचक्रवर्ती आचार्य शांतिसागर महाराज

भोज (जि. बेळगाव) येथील पाटील घराण्यात १८७२ साली जन्मलेल्या सातगौडांचा विवाह बालपणीच झाला, वधू लवकरच निवर्तली. पुन्हा बोहल्यावर चढण्यास त्यांनी ठाम नकार दिला, मात्र मातापित्यांच्या हयातीत घरही सोडले नाही. कापडाच्या दुकानात ते ग्राहकालाच कापड मोजून घेण्यास सांगत. (या व्यवसायात हे धाडसच!) १९२० साली यरनाळ येथे त्यांनी मुनिदीक्षा घेतली.

१९५५ साली बीड जिल्ह्याच्या सीमेनजीकच्या कुंथलगिरी सिद्धक्षेत्रावर त्यांनी सल्लेखना धारण केली. दर्शनार्थ सपत्नीक श्रावकांची रीघ लागली. सव्विसाव्या दिवशी, ८ सप्टेंबरला, क्षीण देहाने दिलेला मराठी उपदेश ध्वनिमुद्रित झाला. प्रपंचात गुंतलेल्यांनीही रोज निदान दहा-पंधरा मिनिटे आत्मचिंतन करावे, असे त्यांनी त्यात कळकळीने सांगितले. १८ सप्टेंबरला, छत्तिसाव्या दिवशी, महाराज समाधिस्थ झाले.