समुद्रकिनाऱ्याची मर्यादा : श्रीमती इंदिरा गांधी

राज्यकर्त्यांचीं नांवें बहुधा युद्धांमुळें व निवडणुकांमुळें लोकांच्या स्मरणांत राहतात. श्रीमती इंदिरा गांधी ह्यांचेंही तसेंच झालें आहे. परंतु आमच्या उपनगरांतील विद्यार्थ्यांनीं त्यांचें स्मरण आणखी एका कारणासाठीं ठेवावें, असें आम्हांस वाटतें.

इंदिराजींचा जन्म १९ नोव्हेंबर १९१७ रोजीं अलाहाबाद येथें झाला. त्या दहा वर्षांच्या असतांना, १९२८ सालीं, त्यांचे वडील पंडित जवाहरलाल नेहरू ह्यांनीं पृथ्वीची व प्राणिमात्रांची उत्पत्ति सांगणारीं पत्रें त्यांस लिहिलीं. पुढें त्या पुण्यास शिकल्या आणि १९३४ सालीं मुंबई विद्यापीठाची मॅट्रिक परीक्षा उत्तीर्ण झाल्या. १९६६ सालीं त्या देशाच्या पंतप्रधान झाल्या.

१९७२ सालीं स्टॉकहोम येथें पर्यावरणाविषयीं जागतिक परिषद भरली. यजमान स्वीडनखेरीज इतर देशांच्या पंतप्रधानांपैकीं एकट्या इंदिराजीच तेथें हजर होत्या. त्याच वर्षीं भारतांत वन्यप्राण्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यांचा सर्वच कारभार अनुकरणीय होता असें मात्र नाहीं. १९७५ सालच्या आणीबाणींत नागरिकांचे हक्क हिरावले गेले, व १९७७ सालीं मतदारांनीं त्यांस सत्तेवरून दूर केलें. १९८० सालीं त्या पुन्हां निवडून आल्या.

नोव्हेंबर १९८१ मध्यें त्यांनीं किनाऱ्यालगतच्या राज्यांच्या मुख्यमंत्र्यांस एक पत्र धाडलें. मोठ्या भरतीच्या पाण्यापासून निदान ५०० मीटरपर्यंतचा किनारा मोकळा ठेवावा, जेथें धूप होते तेथें योग्य झाडें लावावींत, आणि शहरांची व कारखान्यांची घाण समुद्रांत जाऊं देऊं नये, असा त्याचा आशय होता. पाण्याला खेटून हॉटेलें व विश्रामगृहें बांधूं पाहणाऱ्यांस ही मर्यादा अडचणीची होती. पण पत्र म्हणजे कायदा नव्हे. ३१ ऑक्टोबर १९८४ रोजीं इंदिराजींची हत्या झाली. त्यानंतर सहा वर्षांहून अधिक काळानें, १९ फेब्रुवारी १९९१ रोजीं, सरकारनें किनारा नियमन क्षेत्राचे नियम जाहीर केले, व भरतीरेषेपासून ५०० मीटरांच्या पट्ट्यांतील बांधकामांवर निर्बंध आले.

ह्याचा आपणांशीं काय संबंध? बोरिवलीच्या पश्चिमेस गोराई व मनोरी, मालाडला मढ, अंधेरीस वेसावें हीं गांवें आहेत. तेथील कोळी बांधवांस बोंबील वाळविण्यास व होड्या ओढून ठेवण्यास मोकळी वाळू हवी असते. खाड्यांतील तिवरांच्या मुळांत मासळीचीं पिलें वाढतात. सहलीसाठीं येणारा मनुष्य सायंकाळीं परत जातो. कोळ्याचा संसार मात्र तेथेंच राहतो.

मर्यादा एकदां घातली म्हणजे ती कायम राहते, असें नाहीं. २०१९ च्या नव्या नियमांनीं दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यांवरील बांधकामबंदीचें अंतर २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणण्याची मोकळीक दिली आहे. किनारा राखावयाचा तर नियम वाचणारे, प्रश्न विचारणारे व मोहास न भुलणारे नागरिक हवेत. ते आमच्या शाळेच्या बांकांवर आज घडत असावेत, अशी आमची उमेद आहे.