सगळे करतात म्हणून आपणही करतो? गाडगेबाबांनी ही साखळी कशी तोडली
वाशिमशेजारच्या अमरावती जिल्ह्यातलं शेंडगाव. २३ फेब्रुवारी १८७६ ला इथं डेबूजी झिंगराजी जानोरकर जन्मले. बारशाला दारू-मटणाची पंगत ही तेव्हाची रीत. कर्ज काढूनही लोक ती पाळत. डेबूजींनी मुलीच्या बारशाला गोड जेवण दिलं. १९०५ मध्ये घर सोडलं. गावात गेले की आधी झाडू, मग कीर्तन.

१९५० च्या दशकात अमेरिकेत सोलोमन ॲश यांनी रेघांची लांबी ओळखायचा प्रयोग केला. बाकी सगळे ठरवून चुकले, की सुमारे एक तृतीयांश वेळा माणूसही चुकीचंच उत्तर देई. पण एकजण जरी खरं बोलला, तरी हे प्रमाण खूप घटे.

गाडगेबाबा २० डिसेंबर १९५६ ला गेले. कर्ज काढून डीजे लावायचं ठरेल, तेव्हा तुमच्या घरात पहिला नकार कोण देईल?