चिंतामण द्वारकानाथ देशमुख

चिंतामण द्वारकानाथ देशमुख (१४ जानेवारी १८९६ – २ ऑक्टोबर १९८२) हे भारतीय प्रशासक, अर्थतज्ज्ञ, संस्कृतज्ञ व शिक्षणतज्ज्ञ होते. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, केंद्रीय अर्थमंत्री आणि विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष ही पदे त्यांनी भूषविली. 'सी. डी. देशमुख' या नावाने ते परिचित आहेत.

जन्म व शिक्षण

त्यांचा जन्म तत्कालीन कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यात महाडजवळील नाते येथे झाला. वडील रोहा येथे वकिली करीत. रोहा व तळा येथे प्राथमिक शिक्षण घेऊन ते मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात दाखल झाले. १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेत ते प्रथम आले व संस्कृतसाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांना मिळाली. केंब्रिजच्या जीझस महाविद्यालयातून १९१७ मध्ये निसर्गविज्ञानाची पदवी घेताना त्यांनी वनस्पतिशास्त्रातील फ्रँक स्मार्ट पारितोषिक पटकावले. १९१८ च्या आय.सी.एस. परीक्षेतही ते पहिले आले. त्यांच्या नावामागील 'डॉक्टर' ही उपाधी मात्र संशोधनाची नसून विद्यापीठीय सन्मानाची होती.

कारकीर्द

मध्य प्रांत व वऱ्हाडात प्रशासकीय सेवा केल्यानंतर ११ ऑगस्ट १९४३ रोजी ते रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर झाले. १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेत ते भारताच्या शिष्टमंडळात होते. १९५० मध्ये ते अर्थमंत्री झाले आणि १९५२ मध्ये कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून आले. मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवण्याच्या धोरणाच्या निषेधार्थ १९५६ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला.

पदव्यांचे नियमन

त्याच वर्षी ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले. १९५६ च्या कायद्याने आयोगाला वैधानिक दर्जा मिळाला होता. या कायद्याच्या कलम २२ नुसार पदवी देण्याचा अधिकार केवळ कायद्याने स्थापन झालेली विद्यापीठे, अभिमत विद्यापीठे आणि संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्था यांनाच आहे. साहजिकच महाविद्यालय शिकवते, परंतु पदवी विद्यापीठाची असते. पदवी, पदव्युत्तर पदवी व डॉक्टरेट यांची नावे आयोग अधिसूचित करतो. वैद्यक, विधी यांसारख्या व्यावसायिक पदव्यांच्या बाबतीत संबंधित व्यवसाय परिषदेचीही मान्यता आवश्यक असते. देशमुखांच्या कार्यकाळात, १९५८ मध्ये, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९६१ पर्यंत ते अध्यक्ष होते. पुढे १९६२ ते १९६७ या काळात ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते.

सन्मान व स्मृती

त्यांना १९५९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार व १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळाले. कालिदासाच्या मेघदूताचा त्यांनी मराठी अनुवाद केला. त्यांच्या पत्नी दुर्गाबाई देशमुख या संविधान सभेच्या सदस्या होत्या. हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले. रोहा येथील महाविद्यालयास त्यांचे नाव देण्यात आले असून, ज्या गावातून त्यांना पुढील शिक्षणासाठी मुंबई गाठावी लागली, तेथील विद्यार्थी आता गावातच पदवीचे शिक्षण घेतात.