वादळाची वर्दी

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत रॉकी पर्वताच्या पूर्वेस विस्तीर्ण सपाट मैदाने पसरलेली आहेत. दक्षिणेकडील मेक्सिकोच्या आखातावरून येणारी उष्ण व दमट हवा आणि उत्तरेकडून व पर्वतावरून उतरणारी थंड व कोरडी हवा यांची या मैदानांवर गाठ पडते. वसंत ऋतूत हा झगडा विशेष तीव्र होतो. काळेकभिन्न ढग दाटून येतात आणि कधी कधी त्यांच्या पोटातून हत्तीच्या सोंडेसारखा गरगरणारा स्तंभ जमिनीपर्यंत उतरतो. त्यास टॉर्नेडो असे म्हणतात. समुद्रावर जन्मणारे चक्रीवादळ शेकडो मैल पसरते व अनेक दिवस टिकते. टॉर्नेडोचा पट्टा त्या मानाने अगदी अरुंद आणि त्याचे आयुष्य बहुधा काही मिनिटांचे. परंतु त्या पट्ट्यात जे सापडेल त्याची धूळधाण उडते. या वादळाची वर्दी लोकांना आधी मिळावी म्हणून ज्याने पहिला मोठा प्रयत्न केला, तो जॉन पार्क फिन्ले होय.

फिन्लेचा जन्म ११ एप्रिल १८५४ रोजी मिशिगन राज्यातील अ‍ॅन आर्बर या गावी झाला. १८७३ साली त्याने मिशिगनच्या शेतकी महाविद्यालयाची पदवी मिळविली. शेतकऱ्याचे सारे सुखदुःख आभाळाशी बांधलेले असते. त्या आभाळाचा अभ्यास करावा, ही ओढ त्याला लागली. १८७७ साली तो सैन्यात साधा शिपाई म्हणून दाखल झाला, तो याच ओढीने. कारण हवामानाच्या नोंदी ठेवण्याचे काम त्या काळी तेथे लष्कराच्या सिग्नल खात्याकडे होते. ठिकठिकाणी नेमलेले शिपाई रोज ठरलेल्या वेळी हवेचा दाब, उष्णतामान व वाऱ्याची दिशा पाहत आणि तारायंत्राने राजधानी वॉशिंग्टनला कळवीत.

२९ व ३० मे १८७९ या दोन दिवशी कॅन्सस, नेब्रास्का, मिसूरी व आयोवा या राज्यांत अनेक टॉर्नेडो उठले. कॅन्ससमधील अर्व्हिंग या लहानशा गावावर तर एकाच सायंकाळी दोन टॉर्नेडो कोसळले. पहिल्या आघातातून वाचलेले लोक सावरतात न सावरतात, तोच दुसरा आला. या वादळांची पाहणी करण्यास खात्याने तरुण फिन्लेला पाठविले. उद्ध्वस्त गावांतून हिंडून त्याने वाचलेल्यांच्या हकिकती टिपल्या, मोडलेली झाडे कोणत्या दिशेस पडली आहेत ते पाहिले, वादळाच्या वाटांचे नकाशे काढले. त्याचा हा अहवाल १८८१ साली प्रसिद्ध झाला. ज्या उत्पाताकडे लोक केवळ दैवाचा कोप म्हणून पाहत, त्यालाही काही नियम आहेत असा विश्वास फिन्लेला या पाहणीने दिला.

नियम शोधायचा तर नोंदी हव्यात. फिन्लेने जुने कागदपत्र धुंडाळून १७९४ ते १८८१ या काळातील सहाशे टॉर्नेडोंची यादी सिद्ध केली. परंतु पुढे होणाऱ्या वादळांची खबर कोण देणार? लष्कराच्या ठाण्यांमध्ये मैलोगणती अंतर, आणि टॉर्नेडो त्या अंतरातूनच निसटून जाई. म्हणून फिन्लेने राज्याराज्यांतील नागरिकांना पत्रे पाठवून आपले वार्ताहर बनविले. १८८७ पर्यंत त्यांची संख्या २,४०० च्या वर गेली. या नोंदींतून हळूहळू एक चित्र उमटू लागले. ही वादळे बहुधा दुपारनंतर उठतात, नैऋत्येकडून ईशान्येकडे धावतात, आणि उष्ण व थंड हवेतील तफावत फार वाढली म्हणजे कमी दाबाच्या केंद्राच्या आग्नेयेस ती उद्भवतात, असे त्याला दिसून आले.

इतक्यात १९ फेब्रुवारी १८८४ हा दिवस उजाडला. अलाबामा, जॉर्जिया आणि उत्तर व दक्षिण कॅरोलिना या राज्यांतील कापसाच्या मुलखावर त्या एका दिवसात सुमारे साठ टॉर्नेडो कोसळले. खेडीच्या खेडी भुईसपाट झाली. किती माणसे मेली याचा मेळ आजवर बसलेला नाही. पावणेदोनशेपासून बाराशेपर्यंत निरनिराळे अंदाज आहेत. दूरच्या वस्त्यांवरील गरीब कृष्णवर्णीय शेतमजुरांचे मृत्यू कोठे नोंदलेच गेले नसावेत, असे पुढील अभ्यासकांना वाटते. फिन्लेने त्या दिवसाच्या वादळांच्या वाटा नकाशावर मांडल्या, तेव्हा त्या कमी दाबाच्या केंद्राच्या आग्नेयेसच एकवटलेल्या आढळल्या. सकाळच्या तारांवरून सायंकाळचे संकट ओळखता येईल, अशी आशा त्याला वाटू लागली.

त्याने विलंब लावला नाही. १० मार्च १८८४ पासून त्याने प्रायोगिक भाकिते करण्यास आरंभ केला. रॉकी पर्वताच्या पूर्वेकडील प्रदेशाचे १८ विभाग पाडून, प्रत्येक विभागात टॉर्नेडो होईल की नाही, हे तो दिवसातून दोनदा लिहून ठेवी. मेअखेरपर्यंत अशी २,८०३ भाकिते झाली. त्यांपैकी २,७०८ बरोबर ठरली. म्हणजे शेकडा ९६ हून अधिक! परंतु भूगर्भशास्त्रज्ञ ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट याने या हिशेबातील उणीव दाखविली. टॉर्नेडो ही मुळातच विरळा घडणारी गोष्ट. डोळे मिटून प्रत्येक वेळी होणार नाही असेच म्हटले असते, तरी शेकडा ९८ भाकिते खरी ठरली असती! फिन्लेने टॉर्नेडो होईल असे शंभर वेळा सांगितले होते. त्यांपैकी २८ वेळा तो झाला. प्रत्यक्षात टॉर्नेडो घडल्याचे प्रसंग ५१ होते. टीका योग्य होती. तरीही त्या ५१ पैकी २८ प्रसंग आधी ओळखले गेले होते, हे काही थोडे नव्हते.

फिन्लेची पद्धत सुधारावयास हवी होती. परंतु तिच्यावर पडदा टाकण्यात आला. टॉर्नेडोचे नाव ऐकताच लोकांत घबराट माजेल आणि वादळापेक्षा त्या घबराटीनेच अधिक हानी होईल, असे वरिष्ठांना वाटले. नव्या वस्तीच्या राज्यांतील व्यापाऱ्यांनाही आपल्या मुलखाचे नाव खराब व्हावयास नको होते. भाकिते थांबली आणि हवामानाच्या अंदाजात टॉर्नेडो हा शब्द वापरण्यास मनाई झाली. फिन्लेचा पाठिराखा जनरल हेझन १८८७ च्या आरंभी निवर्तला, आणि खात्यात त्याला आधार उरला नाही. त्याच वर्षी त्याने सामान्य लोकांसाठी टॉर्नेडोवर एक पुस्तक प्रसिद्ध केले. वादळ दिसताच तळघरात शिरावे, तळघर नसेल तर अंगणात भुयार खोदून ठेवावे, असे त्यात सांगितले होते. तळघराचा नैऋत्य कोपरा सर्वांत सुरक्षित, हे त्याचे मत मात्र पुढे चुकीचे ठरले. परंतु भुयाराच्या आश्रयाने माणसे वाचतात, हे खरेच ठरले.

१८९१ साली हवामानखाते लष्कराकडून मुलकी सत्तेकडे गेले. फिन्ले सैन्यातच राहिला. पुढे फिलिपाइन्समधील झांबोआंगा जिल्ह्याचा कारभार त्याने अनेक वर्षे पाहिला व कर्नलच्या हुद्द्यापर्यंत चढून तो निवृत्त झाला.

शब्दावरील बंदी मात्र चालूच होती. १८ मार्च १९२५ रोजी मिसूरी, इलिनॉय व इंडियाना या तीन राज्यांतून एक प्रचंड टॉर्नेडो धावत गेला. साडेतीन तासांत त्याने सुमारे ३५० किलोमीटर मजल मारली आणि ६९५ माणसांचा बळी घेतला. डी सोटो या गावच्या शाळेत ३३ मुले दगावली. त्या दिवसाच्या अंदाजात पाऊस व जोराचे बदलते वारे एवढाच उल्लेख होता. बंदी नसती तर त्या दिवशी अचूक इशारा मिळाला असता असे नाही. परंतु चाळीस वर्षे अभ्यास चालू राहिला असता तर ज्ञान किती पुढे गेले असते, हा विचार मनाला चटका लावतो.

१९३८ साली ती बंदी उठली. १९४३ साली फिन्लेने जगाचा निरोप घेतला. त्यानंतर पाच वर्षांनी, २० मार्च १९४८ रोजी, ओक्लाहोमा राज्यातील टिंकर विमानतळावर टॉर्नेडो कोसळला. फॉबुश व मिलर या दोन लष्करी अधिकाऱ्यांनी त्या दिवसाचे नकाशे पुन्हा पुन्हा तपासले. २५ मार्च रोजी तशीच लक्षणे दिसताच त्यांनी इशारा दिला. विमाने सुरक्षित जागी हलविण्यात आली, माणसे आश्रयाला गेली. सायंकाळी टॉर्नेडो खरोखरच आला, पण कोणाचा प्राण गेला नाही. १९५२ पासून अमेरिकेचे हवामानखाते टॉर्नेडोचे इशारे सर्व जनतेला देऊ लागले.

फिन्लेची आकडेमोड सदोष होती, साधने तोकडी होती. परंतु संकटाची वार्ता लोकांपासून दडवू नये, ती वेळेवर सांगावी आणि त्याबरोबर बचावाचा मार्गही सांगावा, ही त्याची दृष्टी निर्दोष होती. आज त्या मैदानांवरील खेड्यांत इशाऱ्याचा भोंगा वाजतो आणि माणसे मुलाबाळांसह तळघराकडे धावतात. त्या भोंग्यामागे एका शिपायाने अर्व्हिंगसारख्या उद्ध्वस्त गावांतून हिंडत टिपलेल्या नोंदी आहेत.